माल्ट्याची माती

आमचं शेत माझ्या वडिलांनी बनवलं. इतरांची शेतं वाडवडिलांकडून येतात. आबांच्या वाटणीला आला गुंजीजवळचा उघडा कातळ, कारण ते भावांत धाकटे आणि बोलायला मऊ. जांभ्या दगडाचं सपाट पठार, शेरडूसुद्धा तिथं तोंड घालायचं नाही. मी चार-पाच वर्षांचा असताना आबांनी तळ्यातला गाळ बुट्टीनं वाहायला सुरुवात केली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बुट्टी, आणि मागून आई तशीच. उन्हाळाभर माती आणून पसरायची, पावसाळ्यात त्यातली निम्मी ओढ्याला जायची. पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. घरात नाचणीची आंबील, तीही पातळ. आईच्या डोक्यावर चुंबळीच्या जागी केस राहिले नव्हते. गाव आबांना 'खडकावरचा येडा' म्हणायचं, आणि शाळेत मला 'येड्याचा' म्हणत.

हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे लिहिणार आहे त्यात माझं वागणं चांगलं नाही, ते कुठून आलं हे कळायला हवं.

मी शिकलो. बेळगावात बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो, कोल्हापूरला बी. ए. झालो. गावातला पहिला, घराण्यातला पहिला. लोक म्हणतात मी हे जरा जास्तच सांगतो. सांगतोच. निपाणीच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवायला लागलो तेव्हा सहकाऱ्यांनी विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, भाताची शेती आहे. ते खोटं नव्हतं. खडकाचं तेवढं गाळलं.

निपाणीत मला खोली मिळाली ती एका तंबाखूच्या वखारीच्या माडीवर. घरमालक जैन, चौथी शिकलेले, वय साठीकडं झुकलेलं. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. बायको जाऊन वर्षं झालेली, वखार मुलानं हातात घेतलेली, तरी आप्पा सकाळी वखारीच्या दारात उभे राहून आत जाणारं प्रत्येक बोचकं हुंगायचे. स्वतः तंबाखूला कधी शिवले नाहीत. खाली बोचकी झोडली की धूळ माडीवर यायची आणि मी शिंकत सुटायचो. मग खालून आवाज यायचा, "मास्तर, एक झाली! आनी दोन!" ते माझ्या शिंका मोजायचे. सात झाल्या की म्हणायचे, "आता बस करा री, तंबाखू संपंल."

त्यांचा नेम एकच, पण पोलादी. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही. गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी कट्ट्यावर बसून जेवायचे, समोर खिशातलं घड्याळ काढून ठेवायचे. सूर्य टेकडीआड गेला की चूळ भरून माडीकडं तोंड करून ओरडायचे, "मास्तर, सूर्य गेला!" जणू मला गाठायची होती ती मोटार सुटली. मी मराठा माणूस, केव्हाही जेवणारा. पण वर्षभरानं मलाही ती हाक आली नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

माझ्या खोलीत भिंतीवर एक नकाशा होता. भूमध्य समुद्राचा. कॉलेजात असताना महिनाभर खपून शाईनं काढलेला, प्रोफेसरांनी वर्गात फिरवून दाखवलेला. तिथवरची बोटीची वाट म्हणजे मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद, मग माल्टा. ही बंदरं मला शुभंकरोतीसारखी पाठ. कधीतरी आपण त्या वाटेनं जायचं, हे मी मनात धरलं होतं. कुणाला बोललो नव्हतो. बोलायचं काय, तळ्यातल्या गाळातून वर आलेल्या माणसानं?

एकदा कौलं बघायला आप्पा वर आले. कौलं राहिली बाजूला, नकाशापुढं उभे राहिले. मधोमध बोट ठेवलं.

"मास्तर, हितं माशी हगलीया बघा."

"माशी नाही हो आप्पा. ते बेट आहे. माल्टा."

"मानसं हाईत?"

"आहेत की. इंग्रजांचं राज्य आहे."

"तंबाखू पिकतोय?"

"मला नाही वाटत."

"मग बेस. जाऊन येतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. "तुमा मास्तरास्नी दरसाल उन्हाळ्याची सुट्टी. मला चाळीस वरसांत एक दीस न्हाय. जिथं तंबाखू न्हाय, तिथंच माझी सुट्टी."

"पण तिथं जाऊन करणार काय?"

"बघणार. जत्रंला जाऊन काय करत्यात?"

दोन महिन्यांत मुंबईच्या अडत्यानं त्यांचं तिकीट काढलं. लोक विलायतेला जात ते बॅरिस्टर व्हायला, नाहीतर डॉक्टर व्हायला. नुसतं बघायला, आणि तेही एका ठिपक्यावर, आमच्या भागातून कोणी गेलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्या नकाशावरचा ठिपका! बंदरं मला पाठ, आणि जाणार हा चौथी पास. त्या दिवसांत मी नकाशाकडं बघायचं सोडून दिलं होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात ते घड्याळ घेऊन वर आले. दुसरं काही विचारलं नाही. बोटीत काय घालायचं, काय बोलायचं, काही नाही. फक्त म्हणाले, "मास्तर, तितं सूर्य कवा मावळतोय?"

मी भूगोलाचा मास्तर. रेखांश, पृथ्वीचं फिरणं, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "इथं संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा तिथं दुपारचे अडीच."

"म्हंजे अडीचला जेवान बंद."

आता इथं मी तोंड उघडायला हवं होतं. आप्पा, सूर्य ज्या गावाला त्या गावाचा. तुम्ही जिथं असाल तिथं तो मावळेल तेव्हा थांबा. इतकंच बोलायचं होतं. ते माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. वर म्हटलं, "बघा बुवा, नेम तुमचा."

"नेम निपानीत घेतलाय मास्तर. माल्ट्याचा सूर्य मला कुटं वळखतोय?" त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "घड्याळ निपानीचंच ठिवतो."

ते खाली गेल्यावर मी एकटाच हसलो. भूक लागली की कळेल, म्हटलं. बी. ए. झालेला माणूस असा हसतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मोटार-स्टँडवर अख्खी गल्ली लोटली. सुनेनं गाठोडं बांधलं होतं: कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, चुरमुरे, गूळ, आणि पाणी गाळायची दोन धुतलेली फडकी. आप्पांनी कोट घातला होता, डोक्याला पिवळा रुमाल, पायात नव्या करकरत्या वहाणा. कुणीतरी ओरडलं, "आप्पा, मडमीनसंगं फोटू काडा!" आप्पा म्हणाले, "मडमीनला इचारतो, बाई तुजा न्हवरा तंबाखू खातोय का. न्हाय म्हनली तर काडतो." मी हार घातला. माझ्या हारातली फुलं सगळ्यांत मोठी होती.

महिन्यानं मला चित्राचं एक कार्ड आलं. बंदर, तटबंदी, होड्या. मागं वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ: 'मास्तर माशी न्हवं लई मोठं हाय.' ते मी कुणाला दाखवलं नाही. ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

आप्पा परत आले ते निम्मे होऊन. कोट अंगावर हिंदोळायचा. सून रडली. आप्पा मात्र खुशीत. माझा हात धरून म्हणाले, "तुमी सांगितलं म्हनून बरं झालं री. न्हायतर नेम मोडला असता." खायला सुरुवात माल्ट्याचा सूर्य उगवल्यावर, आणि थांबायचं निपाणीचा मावळल्यावर, म्हणजे अडीचला. "दोनी सूर्याचं राखाय नगं व्हय?" बेटभर अंजिराची झाडं लगडलेली, पण अंजीर जैनाला चालत नाही. "हॉटेलवाली बाई रोज ताट भरून अंजीर आनायची. मी रोज नमस्कार करायचो. तिला वाटलं आमच्यात अंजिराची पूजा करत्यात."

निपाणीत तेव्हापासून दुसरा विषय राहिला नाही. आप्पांचं नाव 'माल्टा आप्पा' पडलं. तिथल्या होड्यांना पुढच्या बाजूला डोळे रंगवतात म्हणून त्यांनी वखारीच्या बैलगाडीला दोन्ही अंगांनी डोळे काढून घेतले. "डोळं असल्यावर वाट चुकत न्हाय." गाडीवान म्हणाला, "आप्पा, बैलास्नी हाईत की चार." आप्पा म्हणाले, "ते चार झोपत्यात. ह्ये दोन जागं." त्या गाडीपुढं लोक थांबून हात जोडायला लागले.

आणि माझा वर्ग! युरोपचा धडा चालू असताना मी म्हटलं, भूमध्य समुद्रातली बेटं निसर्गरम्य आणि हिरवीगार आहेत. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माल्टा पिवळं आहे. आप्पा म्हणाले." सगळा वर्ग माझ्याऐवजी त्या आवाजाकडं बघायला लागला. पाच वर्षं मी त्या गावाला जग शिकवत होतो. आता जगाबद्दल काही विचारायचं असेल तर लोक कट्ट्यावर जात.

दिवाळीनंतर वाचनालयानं ठरवलं की आप्पांचं प्रवासवर्णन जाहीर वाचायचं. आप्पांना सलग लिहिता येत नव्हतं. चार ओळींनंतर मराठीत कानडी शिरायची. ते माझ्याकडं आले. "मी सांगतो, तुमी लिवा. तुमी शिकल्यालं." आठ दिवस ते माझ्या खोलीत मांडी घालून सांगत होते, मी कच्चं टिपत होतो. तटबंदीला दोन वाक्यं. बंदराला एक. मग दुपारच्या हिंडण्याला सगळा वेळ. अडीचला जेवण बंद, हॉटेलात सगळे खात बसलेले, ते बघवेना. म्हणून हा माणूस रोज उन्हात बाहेर पडायचा आणि पाय नेतील तिकडं खेड्यापाड्यांतून चालायचा. निवडुंगाची कुंपणं, दारात येऊन दूध देणाऱ्या शेळ्या, दगडी बांध.

पाचव्या दिवशी त्यांनी मातीचं सांगितलं. "एक मानूस घर बांदत व्हता मास्तर. पाया काडायच्या आदी जागंवरची सगळी माती उकरली आनी बुट्टीनं वाहून लांब खडकावर नेऊन पसरली. बायकू पन वाहत व्हती. खाली नुस्ता दगूड, वर आनल्याली माती. आख्खं शेत तसं. मी तितं सांजपतोर बसलो."

माझा टाक थांबला. हे मला माहीत होतं. कॉलेजात एका पुस्तकात एक ओळ वाचली होती, की त्या बेटावर लोकांनी खडकावर माती वाहून शेतं केली. वाचली आणि पान उलटलं. घरी जाऊन आबांना सांगितली नाही.

पक्की वही करताना मी ती माती उडवली. निपाणीचं निम्मं गाव जमणार, माझे सहकारी येणार. त्यांच्यापुढं बुट्टीनं माती वाहणाऱ्या नवराबायकोचं वर्णन माझ्या तोंडानं? शेळ्याही उडवल्या. त्या जागी किल्ल्यांचा इतिहास घातला, प्राचीन देवळं घातली, आणि सुरुवात अशी केली: 'नीलवर्ण सागराच्या मखमलीवर ठेवलेला जणू पाचूचा खडाच असे हे रमणीय बेट...' ते वाक्य मला फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर ती माझी माल्टाची सफर होती. तिकीट त्यांचं, सफर माझी.

सभा दुपारी तीनला ठेवली, आप्पांना दिवस असेतो जेवता यावं म्हणून. नेमके त्याच दिवशी आबा गावाहून आले, नव्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन, बेळगावाहून मोटारीनं. मी म्हटलं, "आबा, तुम्ही दमला असाल, खोलीवर पडा." ते म्हणाले, "तू वाचनार हाईस न्हवं? मग ऐकतो की." आणि वाचनालयाच्या मागच्या भिंतीला टेकून उकिडवे बसले.

मी वाचलं. चांगलं वाचलं. किल्ल्यांपाशी लोक डोलत होते. संपल्यावर टाळ्या झाल्या, अध्यक्ष म्हणाले, भाषा फार सुंदर. मग आप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, रुमाल नीट केला.

"मास्तरनी लई ग्वाड लिवलंय," ते म्हणाले. "पर ह्या बेटावर मी गेलतो न्हाय."

हशा उसळला. आप्पांचा चेहरा सरळ होता. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, चूक दुरुस्त करायची होती. "पाचू कसला? पिवळं हाय ते, आपल्या माळावानी. आनी ती माती कुटं गेली? मास्तर, पान गळालं बघा तुमचं." मग त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. घर बांधणारा माणूस, बुट्टी, बायको, खडक. त्या नवराबायकोनं त्यांना सावलीत बसवून पाणी दिलं. यांनी फडकं काढून ते गाळलं. बाईनं फडकं हातात घेऊन बघितलं आणि मग आपल्या नवऱ्यालाही त्याच फडक्यानं गाळून दिलं. 

मागच्या भिंतीपाशी कोणीतरी उठलं. आबा.

"मालक, एक इचारू? किती खोल घालत्यात माती?"

आप्पांनी गुडघ्याला हात लावला. "एवडी."

"पावसात वाहून जात न्हाय?"

"दगडाचं बांद घालत्यात, कमरंएवडं. मदल्या फटी बारक्या दगडानं ठोकून भरत्यात. पानी जातंय, माती ऱ्हातीया."

"सुक्कं बांद? चुना न्हाय?"

"न्हाय. नुस्ता दगूड."

 आबा सगळ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या बी तेच करतोय, बावीस वरसं झाली. गाव येडा म्हंतंय. फटी भरायच्या मला कळ्ळं न्हवतं." आणि माझ्याकडं हात करून, "ह्यो मास्तर माजाच ल्योक."

सहकारी वळून आबांकडं बघत होते, मग माझ्याकडं. माझ्या हातात ती पाचूची वही. सभा मोडली तरी ते दोघं हलले नाहीत. आबा जमिनीवर खडे मांडून विचारत होते, आप्पा खडे सरकवून दाखवत होते. आबांना इतकं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. माझ्याशी तर नाहीच. मला आप्पांच्या माल्ट्याचा हेवा वाटत होता, पण तो त्या दिवशी फारच लहान निघाला. खरा हेवा तिथं, त्या खड्यांपाशी वाटला. दिवस कलला तसे आप्पा आबांना घेऊन कट्ट्यावर गेले, दोघं एका पंगतीला जेवले, आणि सूर्य गेल्यावर हाक आली. "मास्तर, सूर्य गेला!" त्या दिवशी हाकेत दोन आवाज होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना मोटारीत बसवून आल्यावर मी आप्पांपुढं जाऊन उभा राहिलो. बोचकं हुंगणं चाललं होतं. म्हटलं, "आप्पा, त्या अडीचच्या वेळेचं मी जाणून बोललो नाही. तिथला सूर्य मावळेपर्यंत तुम्हाला जेवता आलं असतं. मला माहीत होतं."

त्यांनी बोचकं खाली ठेवलं. "मला बी ठावं झालं व्हतं की. एडनच्या म्होरं, बोटीवरच. सूर्य अजून वर, आनी मी चूळ भरून बसलोय. येवडं कळंना व्हय मला?"

"मग खाल्लं का नाही?"

"भुकेनं चित्त कसं लख्ख ऱ्हातंय मास्तर. पोट भरलं असतं तर मी हॉटेलात झोपलो असतो. माती कुनी बगितली असती?" मग डोळे बारीक करून म्हणाले, "तुमी गप बसला ते वाईट केलं. पर मला लागू पडलं."

माझा वाईटपणासुद्धा या माणसानं वापरून घेतला होता. मला शरमही नीट वाटू दिली नाही. वर जाऊन मी पुन्हा शिंकलो, आणि खालून आवाज आला, "एक झाली!"

मी वही पुन्हा लिहिली. या वेळी ते बोलले तसंच, शेळ्या आणि फडक्यासकट. ती वाचनालयात आहे. अक्षर माझं आहे, वाक्य एकही माझं नाही. पुढं लढाई लागली, बोटी बंद झाल्या, वर्तमानपत्रात माल्टावर बाँब पडल्याच्या बातम्या यायला लागल्या. आप्पा रोज मला पेपर वाचायला लावायचे आणि एकच विचारायचे, "खेड्यावर पडला का बंदरावर?" बंदरावर म्हटलं की जेवायचे. लढाई संपायच्या आतच ते गेले. गाडीवरचे डोळे त्यांच्या मुलानं अजून पुसलेले नाहीत.

माल्टा मी पाहिलेलं नाही. नकाशा अजून भिंतीवर आहे.

सभेनंतरच्या उन्हाळ्यात मी, अकरा वर्षांत पहिल्यांदा, सगळी सुट्टी गुंजीला काढली. आबांनी दगड रचले, मी फटी भरल्या. मग खडकाचा ओढ्याकडचा कोपरा उरला होता, तिथं मी, आबा आणि आई तिघांनी माती वाहिली. चुंबळ डोक्यावर धरायला मला आईनं पुन्हा शिकवलं. त्या पावसाळ्यात माती गेली नाही. आता कातळ कुठंच दिसत नाही. सगळ्या शेतात भात आहे.